संत मोनिकेचा मठ आणि आपले छोटे चॅपल



परवा पोळा झाला. येत्या बुधवारी घरोघरी गणपती बसतील, आणि त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, आपली ख्रिस्तसभा संत मोनिकेचा सण पाळते. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा, संत अगस्टीनचा सण. पूर्वी मोनिकेचा सण ४ मे रोजी असे. १९६९ साली दिनदर्शिका नव्याने लावली तेव्हा तो मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशी आणला. जिने त्या मुलासाठी सतरा वर्षे वाट पाहिली, तिला एक दिवस आधी बसवणे मला योग्य वाटते.

आजच्या शुभवर्तमानात एक माणूस प्रभू येशूला विचारतो की तारण होणारे लोक थोडेच असतील का? त्याला आकडा हवा आहे. प्रभू आकडा सांगत नाही, दरवाजा दाखवतो. अरुंद दरवाजाने आत शिरण्याची धडपड करा, असे तो म्हणतो. अमरावतीचा परकोट आपण सर्वांनी पाहिला आहे. पेंढाऱ्यांच्या भीतीने शहराभोवती बांधलेला तो तट. त्याला जवाहर गेट, अंबागेट असे मोठे दरवाजे आहेत आणि पटेल खिडकी, खुनारी खिडकी अशा खिडक्याही आहेत. आपल्याकडे तटातल्या लहान दरवाजाला खिडकीच म्हणतात. गेटमधून हत्ती, घोडे, कापसाच्या गाड्या जायच्या. खिडकीतून जायचा तो पायी चालणारा माणूस. प्रभूने आज आपल्याला गेट दाखवलेले नाही, खिडकी दाखवली आहे.

हे शुभवर्तमान वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एक दरवाजा उभा राहिला. गेल्या डिसेंबरात आपल्या धर्मग्रामातले आपण काही जण जुन्या गोव्याला गेलो होतो. संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी खुले होते. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. आपल्या अमरावती धर्मप्रांताचे कॅथेड्रल याच संताच्या नावाचे, त्यामुळे वऱ्हाडच्या माणसाला तिथे जाणे म्हणजे थोडेफार आजोळी जाण्यासारखे. से कॅथेड्रलसमोरची ती रांग, ते ऊन आणि पाण्याच्या बाटल्या तुम्हाला आठवत असतील. दर्शन झाल्यावर बस सुटायला तीन तास होते. काही जण बाजारात गेले. आपण पंधरा-सोळा जण टेकडी चढलो.

त्या टेकडीला पोर्तुगीज लोक पवित्र डोंगर म्हणत. वर एका बाजूला संत अगस्टीनच्या चर्चचा मोडका मनोरा उभा आहे, छेचाळीस मीटर उंच. एवढे मोठे चर्च होते की त्याची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते. त्या चर्चचे बांधकाम १६०२ साली पुरे झाले. १८३५ साली मठवासींना तिथून काढून लावले, आणि सातच वर्षांत, १८४२ साली, छताची कमान कोसळली. ज्या घरात चूल पेटत नाही ते घर किती दिवस टिकते हे आपल्या खेड्यांतल्या बंद वाड्यांनी आपल्याला दाखवलेच आहे. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. याच अवशेषांत जॉर्जिया देशाची हुतात्मा राणी केतेवन हिच्या अस्थी सापडल्या. तिला १६२४ साली इराणातल्या शिराझ शहरात धर्म सोडत नाही म्हणून हाल करून मारले होते आणि अगस्टीनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष १६२७ साली गोव्याला आणले होते. शास्त्रज्ञांनी तपासणी करून त्या अस्थी तिच्याच असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांतला काही भाग जॉर्जियाला सन्मानाने भेट दिला. हे सारे मी तिथे घाईघाईत सांगितले, कारण मला तुम्हाला न्यायचे होते ते समोरच्या बाजूला. तिथे संत मोनिकेचा मठ आहे.

हा मठ पडलेला नाही.

आपल्यातले एक काका त्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "फादर, हे चर्च हाय का किल्ला?" प्रश्न बरोबर होता. तीन मजली जांभ्या दगडाची इमारत, बाहेरून जाडजूड आधारभिंती टेकवलेल्या. आपल्या नरनाळ्याचा काळा दगड पावसाला दाद देत नाही. गोव्याचा जांभा दगड तसा नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण पाणी पितो. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा आणि दरवर्षीची पांढरी सफेदी लागते. गिलावा हा तिथे शोभेचा प्रकार नव्हे, दगडाचे ते कातडे आहे. बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला, दगड उघडा सुंदर दिसतो म्हणून, आणि आज तोच दगड पावसात झिजतो आहे. आपण जिला शोभा समजून खरवडून काढतो ती वस्तू पुष्कळदा काम करीत असते. हे मी इमारतींबद्दलच म्हणतो आहे असे नाही.

या मठाची सुरुवात १६०६ साली झाली. गोव्याचे आर्चबिशप तेव्हा दोम आलेइशो द मेनेझिस होते, तेच ज्यांनी १५९९ साली केरळात उदयंपेरूरची धर्मसभा बोलावली आणि ज्यांच्याबद्दल केरळचे ख्रिस्ती आजही फार गोड बोलत नाहीत. माणूस करारी, कधी कधी कठोर. पण गोव्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली. पोर्तुगालहून आलेले शिपाई, खलाशी, व्यापारी समुद्रात आणि लढायांत मरत होते. मागे राहत होत्या त्यांच्या विधवा आणि मुली. त्यांच्यासाठी आर्चबिशपांनी आधी आश्रयगृहे काढली आणि मग हा मठ. पूर्वेकडच्या देशांत बंदिस्त जीवन जगणाऱ्या धर्मभगिनींचा हा पहिला मठ. बांधकाम पुरे व्हायला १६२७ साल उजाडले. म्हणजे एकवीस वर्षे. आपल्या चर्चच्या पत्र्यांचे काम अडीच वर्षे चालले तेव्हा माझ्याकडे तक्रारी घेऊन आलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मठ अगस्टीनियन धर्मभगिनींचा, म्हणून नाव संत मोनिकेचे. तिच्याबद्दल थोडे सांगतो. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते या गावी, आज तो भाग अल्जेरियात आहे, ती जन्मली. नवरा पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हता आणि फार तापट होता. सासूही सोपी नव्हती. मुलगा अगस्टीन ३५४ साली झाला. हुशार, वक्ता, आणि आईच्या शब्दात सांगायचे तर हाताबाहेर गेलेला. लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर संसार, मग एका विचित्र पंथाचा नाद, मग रोमला जाताना आईला बंदरावर फसवून रात्रीतून जहाज गाठणे. ती त्याच्या मागे समुद्र ओलांडून मिलानपर्यंत गेली. ३८७ सालच्या पुनरुत्थानाच्या सणाला संत अँब्रोझने अगस्टीनला बाप्तिस्मा दिला, आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरात मोनिका वारली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अगस्टीनचे काळाविषयीचे आणि स्मृतीविषयीचे विवेचन घोकत होतो. स्मृती म्हणजे एक विशाल वाडा, त्याच्या दालनांतून माणूस फिरतो, असे तो समजावतो. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले. पण त्या वाड्यात दिवा लावणारी त्याची आई होती, हे मला धर्मगुरू झाल्यावर, तुमच्यातल्या आयांशी बोलताना कळले.

अगस्टीनची एक बहीणही होती. तीही विधवा झाली आणि हिप्पो गावी स्त्रियांच्या मठाची प्रमुख झाली. त्या मठासाठी अगस्टीनने नियम लिहून दिले. एकत्र राहा, एकचित्त राहा, कोणाचे काही स्वतःचे नसावे, असा त्यांचा आशय. गेल्या मे महिन्यात निवडून आलेले आपले पोप लिओ चौदावे याच अगस्टीनियन संघाचे. बारा वर्षे ते त्या संघाचे सर्वोच्च अधिकारी होते. त्यामुळे या वर्षी मोनिकेचा सण साऱ्या ख्रिस्तसभेला थोडा अधिक जवळचा आहे.

आता आत येऊ. जुन्या वाड्यात जसा मधे चौक आणि चारही बाजूंनी ओसरी असते, तसा मठाच्या मधोमध मोठा चौक आहे आणि त्याभोवती कमानींच्या ओसऱ्या व दालने. वाड्याची माणसे अंगणातच आकाश पाहत. इथल्या धर्मभगिनींनाही आकाश मिळे ते या चौकापुरतेच. मात्र वाड्याची बाई सणावाराला माहेरी जायची. इथे एकदा आत आलेली बाहेर पडत नसे. भेटायला आलेल्या आईबापांशी जाळीआडून बोलणे. सामान आत घ्यायला अशा मठांत भिंतीत बसवलेले एक फिरते कपाट असे. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचे, आतल्या बाईने उचलायची, एकमेकांचे तोंड दिसायचे नाही.

चर्चची रचनाही यावरूनच ठरली. आपल्या चर्चमध्ये मुख्य दरवाजा समोर वेदी, सरळ रेषेत. पोर्तुगीज पद्धतीच्या धर्मभगिनींच्या चर्चमध्ये तसे बहुधा नसते. दरवाजा लांब बाजूच्या भिंतीत असतो. कारण एका टोकाला वेदी आणि वेदीसमोरचे दुसरे टोक, जिथे आपण दरवाजा करू, ते धर्मभगिनींच्या प्रार्थनेचे दालन. त्याला कॉयर म्हणतात. खाली एक आणि वर एक, मधे जाळी. गावातले लोक बाजूच्या दाराने येऊन मधल्या जागेत बसत. त्यांना वेदी दिसे, धर्मगुरू दिसे, आणि पाठीमागून गाणे ऐकू येई. गाणाऱ्या दिसत नसत. दिवसातून अनेक वेळा, पहाटेच्या अंधारातही, त्या जाळीआडून स्तोत्रे येत. विचार करा, माणूस आपल्या काळज्या घेऊन वेदीकडे तोंड करून बसला आहे आणि त्याच्या पाठीमागे न दिसणाऱ्या बाया त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहेत.

आपल्या एका आजींना हे पटले नाही. त्या मला तिथेच म्हणाल्या, "फादर, म्हंजे बायाईले कोंडूनच ठेवलं व्हतं ना?" मी तेव्हा हसून विषय बदलला. ते बरे केले नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर देणे लागते.

होय, काही जणी स्वतःच्या इच्छेने आल्या नसतील. लग्नाचा हुंडा मोठा आणि मठात द्यायचा हुंडा त्या मानाने परवडणारा, हा हिशेब बापांनी केला नसेल असे मी म्हणणार नाही. होय, मठात प्रवेशालाही हुंडा लागे. आणि गोव्याची नगरसभा, म्हणजे तिथली त्या वेळची म्युनिसिपालटी, या मठावर फार रागावलेली होती. तिची तक्रार अशी की शहरातल्या लग्नाच्या मुली आणि घराण्यांची मालमत्ता हा मठ ओढून घेतो. गंमत पाहा, नगरसभेला मुलींची काळजी होती ती मालमत्तेच्या नावाखाली. आजींची काळजी वेगळी होती. आजींची काळजी मला अधिक ख्रिस्ती वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आजच्या शुभवर्तमानाला थेट भिडते. त्या मठात काळ्या पडद्याच्या धर्मभगिनी आणि पांढऱ्या पडद्याच्या धर्मभगिनी असा भेद होता. काळ्या पडद्याच्या कॉयरमध्ये बसून स्तोत्रे म्हणत, त्यांना मत होते, अधिकार होता. त्या बहुतेक पोर्तुगीज घराण्यांतल्या. इथल्या मातीतल्या स्त्रियांच्या वाट्याला सहसा पांढरा पडदा आणि स्वयंपाक, झाडलोट, सेवा आली. ज्यांनी संत अगस्टीनचे एकचित्ताचे नियम रोज ऐकले त्यांच्याच घरात हे चालले. आज प्रभू सांगतो की पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून लोक येतील आणि देवाच्या राज्यात पंगतीला बसतील, आणि जे शेवटचे आहेत ते पहिले होतील. हे वाक्य त्या चर्चमध्येही दरवर्षी वाचले गेले असणार. जाळीच्या पुढे वाचले, जाळीच्या मागे ऐकले, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले की नाही देव जाणे. आपणही मान खाली घालावी. आपल्याकडे पडदे नाहीत. पण पुढच्या बाकावर कोण बसते, वाचनाला कोणाला बोलावतात, शेवटच्या पंगतीला भांडी घासायला कोण थांबते, हे मला चौदा वर्षांत तीन धर्मग्रामांत दिसत आले आहे.

(त्या स्वयंपाकघराबद्दल एक गोड गोष्टही सांगतात. गोव्याची थराथरांची बेबिंका याच मठातल्या बेबियाना नावाच्या सिस्टरने प्रथम केली, असे तिथले लोक मानतात. दंतकथा असेल. आपल्यापैकी ज्यांनी बसमध्ये दोन दोन डबे आणले त्यांना खरेखोटे विचारण्याची गरज वाटली नाही.)

मठाच्या चर्चमध्ये एक मोठा क्रूस आहे. लोक त्याला रडणारा क्रूस म्हणतात. १६३६ साली, कॉयरमध्ये असलेल्या या क्रूसावरील ख्रिस्ताने डोळे उघडले आणि काट्यांच्या मुकुटाखालून रक्त वाहिले, असे धर्मभगिनींनी सांगितले. मठाचे आध्यात्मिक मार्गदर्शक फ्रे दियोगू द सांत आन्ना यांनी त्याचा वृत्तांत लिहिला आणि तो १६४० साली लिस्बनमध्ये छापला गेला. हेच फादर दियोगू नगरसभेशी मठाच्या बाजूने भांडत होते. त्यामुळे संशयी माणूस लगेच म्हणेल की मठ अडचणीत असताना चमत्कार बरा घडला. ख्रिस्तसभा अशा घटनांवर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर करीत नाही, मीही करणार नाही. मात्र संशयी माणसाने पुढचेही ऐकावे. त्याच १६३६ साली मठाला मोठी आग लागली. एकवीस वर्षे बांधलेले जळाले. ज्यांच्याकडे ख्रिस्ताने डोळे उघडून पाहिले, त्यांच्याच डोक्यावरचे छप्पर गेले. चमत्काराचा फायदा घ्यायचा असता तर गोष्ट इथे अशी वळली नसती. आजच्या दुसऱ्या वाचनात, हिब्रूंस पत्रात, बाप ज्या मुलावर प्रेम करतो त्यालाच शिस्त लावतो असे म्हटले आहे. ते वाचन मला नेहमी जड जाते. शेतात उभे पीक वाहून गेलेल्या माणसासमोर ते वाचायला धर्मगुरूची जीभ वळत नाही. मोनिकेच्या मठातल्या त्या बायांनी आगीचा अर्थ काय लावला हे मला सांगता येत नाही. त्यांनी काय केले ते ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा बांधायला घेतले. आज आपण पाहतो ती इमारत त्या नंतरची आहे.

त्या क्रूसासमोर आपल्या गटातल्या एक बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. बाकीचे बाहेर आले, चपला घालून झाल्या, तरी त्या आतच. मी बोलवायला गेलो. त्या म्हणाल्या, "फादर, याचे डोळे उघडे हायेत." मी म्हटले, हो. त्या म्हणाल्या, "मंग पाहत असंल." एवढेच. त्यांचा मुलगा कुठे आहे आणि त्या कोणासाठी पाहत होत्या हे आपल्यापैकी काही जणांना माहीत आहे, मी लिहीत नाही. त्यांची परवानगी घेऊनच एवढेही लिहिले आहे.

मठाच्या पुढच्या काळाची हकीकत मला सर्वांत जास्त स्पर्श करून गेली. जुने गोवे रोगराईने पोखरले. माणसे शहर सोडू लागली. व्हाइसरॉय पणजीकडे सरकले, आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी १८३४ साली पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ मोडीत काढले. पुरुषांचे मठ लगेच रिकामे झाले. समोरच्या अगस्टीनच्या चर्चचे काय झाले ते वर सांगितलेच. धर्मभगिनींना मात्र एक सवलत मिळाली. आहेत त्यांनी राहावे, नवी कोणी घेऊ नये. म्हणजे मरेपर्यंत राहा, मग दार बंद.

त्या राहिल्या. पन्नास वर्षे राहिल्या. खाली शहर संपले, घरे पडली, रस्त्यांवर झाडे उगवली, बाजार उठला. पलीकडे अगस्टीनच्या चर्चचे छत कोसळले तेव्हाचा आवाज त्यांनी ऐकला असेल. दर एक-दोन वर्षांनी कॉयरमधली एक जागा रिकामी होत गेली. शेवटची धर्मभगिनी १८८५ साली वारली. दोनशे एकोणऐंशी वर्षांनी त्या जाळीआडचे गाणे थांबले. शेवटच्या काही महिन्यांत ती एकटी कॉयरमध्ये जाऊन स्तोत्र म्हणत असेल का? एका बाजूचे कडवे तीच, दुसऱ्या बाजूचे कडवेही तीच? मला हे कोणी सांगितलेले नाही. टेकडी उतरताना माझ्या मनात आले, ते अजून गेलेले नाही.

नंतर तिथे लष्कराचे बिऱ्हाड आले. जिथे बायका अनवाणी चालत तिथे बूट वाजू लागले. मग १९६४ साली त्याच इमारतीत मातेर देई ही संस्था सुरू झाली. धर्मभगिनींना ईशज्ञान शिकवण्यासाठी. ज्या इमारतीत बायांनी वाचावे काय आणि किती हे पुरुष ठरवीत, तिथे आता देशभरच्या सिस्टर्स, आपल्या भागातल्या मुलीही, पवित्र शास्त्र आणि ईशज्ञान शिकल्या. चर्चच्या एका भागात २००२ सालापासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले होते आणि दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा उघडले. चांदीचा एक पक्षी तिथे ठेवला आहे, पेलिकन, जो चोचीने स्वतःची छाती फाडून पिलांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत. त्यात परमपवित्र संस्कार ठेवीत असत. आपल्या मुलांनी त्याला बगळा म्हटले, मी दुरुस्त केले नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येतो.

आपल्या आवारातल्या कॉन्व्हेंटमध्ये आज दोनच सिस्टर राहतात हे तुम्ही जाणता. त्यांच्यापैकी एकीने तुमच्यातल्या निम्म्या लोकांना अ, आ, इ शिकवले. त्यांच्या संघाचे पत्र आले आहे. नाताळानंतर दोघींना विश्रांतीसाठी मुख्य घरी नेण्यात येईल आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही. तरुण सिस्टर्सच नाहीत. इमारत धर्मग्रामाकडे येईल, आणि तिच्याबरोबर ते छोटे चॅपल, जिथे पंचवीस माणसे दाटीने बसतात आणि ज्याच्या दारातून मला वाकून जावे लागते.

धर्मग्राम समितीच्या बैठकीत यावर चर्चा झाली. दोन सूचना आल्या. पहिली, अकोल्यात क्लासेसना जागा पाहिजेच असते, चॅपल आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने द्याव्या, वर्षाला चांगले पैसे येतील आणि चर्चचे कर्ज फिटेल. दुसरी, मधली भिंत पाडून लग्नकार्यासाठी हॉल करावा. दोन्ही सूचना वाईट हेतूच्या नाहीत. कर्ज खरे आहे, हिशेब तुमच्यासमोर लावलेला आहे. आणि आपल्या गरीब कुटुंबांना मंगल कार्यालयाचे भाडे परवडत नाही हेही खरे.

पण मी माझे मत लपवणार नाही. खोल्यांबद्दल जे ठरेल ते ठरो, चॅपल मोडू नये असे मला वाटते. मोनिका ओस्तियात मरताना म्हणाली होती की माझा देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त वेदीजवळ माझी आठवण करा. म्हणजे इमारतीचा मोह तिला नव्हता, आणि मलाही नसावा. मी चार भिंती वाचवायला निघालेलो नाही. पण त्या सिस्टर पहाटे साडेचारला उठून तिथे बसतात. तुमच्यातला कोण आजारी आहे, कोणाची मुलगी परीक्षेला बसली, कोणाच्या घरी भांडण झाले, याची यादी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा पक्की असते. तुम्ही वेदीकडे तोंड करून बसता तेव्हा तुमच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, त्या असतात. त्या गेल्यावर ती जागा कोणी भरायची? तिथे बसायला आपल्यातले पंचवीस लोक, आठवड्याच्या सात दिवसांत वाटून घेतले तर रोजचे तीन-चार, मिळतील का? मिळणार नसतील तर चॅपल ठेवण्याचा माझा हट्ट फोल आहे, मग हॉल केलेलाच बरा. रिकामे पूज्यस्थान सांभाळण्यापेक्षा गरिबाच्या मुलीचे लग्न तिथे झालेले प्रभूला अधिक आवडेल.

म्हणून एक वही त्या चॅपलच्या दाराशी ठेवली आहे. ज्यांना आठवड्यातून एक तास, पहाटे किंवा रात्री, तिथे येऊन बसता येईल त्यांनी नाव, वार आणि वेळ लिहावी. बोलून सांगू नये, लिहावे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी समितीची बैठक आहे. त्या दिवशी ती वही सर्वांसमोर उघडून मगच निर्णय घेऊ. दोन्ही सूचना करणाऱ्यांनी याला संमती दिली आहे, त्यांचे आभार.

बुधवारी, २७ तारखेला, संत मोनिकेच्या सणाची मिस्सा त्याच चॅपलमध्ये होईल. संध्याकाळी रस्त्यांवर गणपतीची गर्दी असेल म्हणून मिस्सा सकाळी साडेसहाला ठेवली आहे. जागा कमी आहे. आयांनी पुढे बसावे, आम्ही बाकीचे बाहेर ओसरीत उभे राहू. ज्यांच्या मुलामुलींसाठी प्रार्थना हवी आहे त्यांनी नावाची चिठ्ठी मंगळवारी रात्रीपर्यंत सिस्टरकडे द्यावी, माझ्याकडे नको. आडनाव लिहिले नाही तरी चालेल, सिस्टर ओळखतात.

तुमचा,
फादर